वाक्याच्या शेवटचं ‘नाही’

रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात आम्ही वीजवितरणाची पॅनेल बनवतो. दर सोमवारी सकाळी साडेनऊला मिटिंग असते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका मिटिंगमध्ये आमची ट्रेनी इंजिनियर म्हणाली, “मॅडम, म्हणजे... शुक्रवारपर्यंत टेस्टिंग पूर्ण होईल असं मला वाटत...” आणि मी म्हणाले, “छान, मग शनिवारी डिस्पॅच धरू.” मिनिट्समध्ये तसंच लिहिलं गेलं. शनिवारी टेम्पो गेटवर येऊन उभा राहिला, तेव्हा पॅनेलची दारंसुद्धा बसली नव्हती.

तिचं वाक्य ‘वाटत नाही’ असं होतं. तिनं नंतर ते मला सांगितलं, तेही मी विचारल्यावर.

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागून येतो. ‘वाटतं’ आणि ‘वाटत’ यांत कानाला फरक तो कितीसा! त्यामुळे मराठीत कुणाचं बोलणं शेवटाकडे तोडलं तर कित्येकदा अर्थच उलटा होतो. मी वीस वर्षांपूर्वी नोकरीला लागले तेव्हा माझी वाक्यं अशीच तुटायची, आणि तोडणारे बहुतेक पुरुष असायचे. आता मी तोडत होते. हे मला फार लागलं. मिटिंगमध्ये कोण बोलतं, कोण गप्प बसतं, यावर संशोधकांनी काय शोधलंय ते मी तेव्हापासून वाचत आले आहे.

सुरुवात एका अगदी छोट्या फटीपासून करावी लागते. १९७४ साली हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी रोजच्या बोलण्याच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं की साध्या गप्पांनाही पाळीचे नियम असतात. बहुतेक वेळ एका वेळी एकच जण बोलतो, आणि पाळी बदलताना मध्ये जवळजवळ मोकळी जागाच नसते. २००९ मध्ये जपानी, डॅनिश, कोरियन, लाओ, मेक्सिकोतली त्झेल्ताल अशा दहा भाषांतली प्रश्नोत्तरं मोजली गेली. प्रश्न संपून उत्तर सुरू होण्यातलं सरासरी अंतर निघालं सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. पण एखादा शब्द मनात जुळवून तोंडावाटे काढायलाच ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. याचा अर्थ, समोरचा बोलत असतानाच आपण त्याच्या वाक्याच्या शेवटाचा अंदाज बांधतो आणि आपलं उत्तर तयार करून ठेवतो. मी त्या दिवशी नेमकं हेच केलं. मला हवा होता तो शेवट मी तिच्या वाक्याला लावून टाकला.

पाळी मिळते किंवा जाते ती या सेकंदाच्या पाचव्या भागात. ज्याला आपल्याला कुणी अडवणार नाही अशी खात्री असते तो त्या फटीत सहज शिरतो. जिला लहानपणापासून ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नये’ हे ऐकवलेलं असतं ती क्षणभर थांबते, आणि तिचा तो क्षण त्या फटीपेक्षा मोठा असतो.

एकाच वेळी दोघं बोलले की बोलणं तुटतंच असंही नाही. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून सुटणाऱ्या पनवेल लोकलच्या महिला डब्यात सकाळी उभं राहून बघा. चौघी एकदम बोलत असतात. एकीच्या सासूबाईंचं ऑपरेशन, दुसरीच्या मुलीची ऍडमिशन, एकीचं वाक्य दुसरी पुरं करते, तिसरी ‘अगं हो ना’ म्हणून त्यात भर घालते, आणि ऐरोलीला उतरताना कुणालाच आपल्याला बोलू दिलं नाही असं वाटत नाही. डेबोरा टॅनन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी अशा साथीच्या बोलण्याला तोडण्यापासून वेगळं काढलं. साथीत विषय ज्याचा असतो त्याच्याकडेच राहतो. तोडण्यात तो काढून घेतला जातो.

हा फरक ध्यानात न घेता मोजलं तर आकडे फसवतात. १९७५ साली डॉन झिमरमन आणि कँडेस वेस्ट यांनी स्त्री-पुरुषांमधले अकरा संवाद तपासले. त्यांत बोलणं तोडण्याचे ४८ प्रसंग सापडले, पैकी ४६ पुरुषांचे. हा आकडा जगभर गाजला, आजही भाषणांत ऐकू येतो. पण नमुना फार लहान होता. १९९८ मध्ये ४३ अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर पुरुष जास्त तोडतात हे दिसलं खरं, पण सरासरी फरक थोडाच निघाला. पाळी हिसकावून घेणारं तोडणं वेगळं मोजलं की तो वाढत होता. बायका जास्त बोलतात हा समजही मोजून पाहिला गेला आहे. २००७ मध्ये ३९६ विद्यार्थी-विद्यार्थिनींच्या अंगावर रेकॉर्डर लावून दिवसाचे शब्द अंदाजले, तर दोघांचेही साधारण १६ हजारांच्या घरात आले. म्हणून मी ‘पुरुष असेच असतात’ या वाक्याशी थांबायला तयार नाही. एरवी तितकंच बोलणारी बाई मिटिंगमध्ये का थांबते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मग असं वाटतं की हा सगळा खेळ हुद्द्याचा असेल, बाई वरच्या खुर्चीवर बसली की प्रश्न मिटेल. हे तपासायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाहून चांगली जागा मिळणं कठीण. तिथे नऊ न्यायमूर्ती, सगळ्यांचा हुद्दा जवळपास सारखा, सुनावणीतला शब्द न् शब्द नोंदवलेला, आणि न्यायमूर्ती बोलू लागले की वकिलानं ताबडतोब थांबायचं असा दंडक. टोन्या जेकोबी आणि डिलन श्वायर्स यांनी २०१७ मध्ये या नोंदी तपासल्या. ज्या बारा वर्षांत खंडपीठावर स्त्रिया सरासरी २४ टक्के होत्या, त्या काळात तोडल्या गेलेल्या बोलण्यांपैकी ३२ टक्के बोलणी त्यांची होती. तोडणाऱ्यांत त्यांचा वाटा फक्त ४ टक्के. पुरुष वकीलही त्यांना मध्येच तोडत होते. ज्येष्ठतेचा परिणाम होता, पण लिंगाच्या मानानं फार कमी.

त्याच अभ्यासातला एक बारकावा वाचताना मी थबकले. नव्यानं आलेल्या स्त्री न्यायमूर्ती प्रश्नाआधी ‘एक विचारू का?’, ‘माफ करा’ अशी सौम्य सुरुवात करत, आणि नेमकी तिथेच त्यांची पाळी जाई. वर्षं सरली तशी त्यांनी ती प्रस्तावना सोडली आणि थेट प्रश्न विचारू लागल्या. आपल्याकडच्या मिटिंगमधली प्रस्तावना आठवा. “लहान तोंडी मोठा घास होईल, पण...”, “मला फारसं कळत नाही, तरी...”, “एक बोलू का?” ही वाक्यं आपण नम्रता म्हणून शिकतो. ऐकणाऱ्याला मात्र मुद्दा सुरू व्हायच्या आधीच दोन सेकंदांची उघडी खिडकी मिळते.

तरीही मुलींना ‘धीट हो, मोठ्यानं बोल’ एवढाच सल्ला देऊन सोडणं मला अन्यायाचं वाटतं. व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल यांच्या २०११ च्या अभ्यासात अधिकार असलेले पुरुष जास्त बोलताना दिसले, अधिकार असलेल्या स्त्रिया तशा दिसल्या नाहीत. पुढे लोकांना एका काल्पनिक कंपनीप्रमुखाचं वर्णन वाचायला दिलं. जास्त बोलणारी प्रमुख बाई असेल तर वाचणाऱ्यांनी तिची लायकी कमी ठरवली, आणि तसं ठरवणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. गप्प राहणाऱ्या बाईचा हिशोब चुकलेला नसतो.

हुद्द्याचं ओझं मात्र पुरुषांवरही तितकंच असतं. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुकं होतं. डच विमानाचा कॅप्टन त्या कंपनीतला नावाजलेला प्रशिक्षक होता. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची या विमानावरची परीक्षा त्यानंच दोनेक महिन्यांपूर्वी घेतली होती. उड्डाणासाठी विमान धावू लागलं तेव्हा मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरनं विचारलं, ते पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टननं ठामपणे झालंय म्हणून सांगितलं, आणि पुढे कुणी बोललं नाही. काही सेकंदांत दोन जम्बो विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. धुकं आणि रेडिओवर एकमेकांत मिसळलेले संदेश हीही कारणं होती. पण इंजिनियरची शंका प्रश्नाच्या रूपात आली, आणि प्रश्नाचं उत्तर मिळालं की तो संपतो. आमची ट्रेनी ‘म्हणजे...’ म्हणते, तो इंजिनियर ‘नाही का?’ म्हणाला. या आणि अशा इतर अपघातांनंतर विमानकंपन्यांनी कनिष्ठांना शंका स्पष्ट बोलायला आणि कॅप्टनना ती ऐकून घ्यायला रीतसर शिकवायला सुरुवात केली.

रीत बदलली की बोलणं बदलतं, याचे पुरावे आता बरेच आहेत. क्रिस्टोफर कार्पोविट्झ आणि टाली मेंडलबर्ग यांनी पाच-पाच जणांचे ९४ गट चर्चेला बसवले. निर्णय बहुमतानं घ्यायचा असेल तर संख्येनं कमी असलेल्या स्त्रिया फार कमी बोलल्या. एकमतानंच घ्यायचा असं सांगितल्यावर त्याच संख्येत ती दरी जवळपास मिटली. कारण एकमत हवं तर प्रत्येकाला विचारावंच लागतं. दहा देशांतल्या २४७ शैक्षणिक व्याख्यानांत पहिला प्रश्न पुरुषानं विचारला की पुढे स्त्रियांचे प्रश्न कमी येत. तमिळनाडूतल्या ग्रामसभांच्या नोंदी तपासल्या तेव्हा स्त्रियांच्या मुद्द्यांना उत्तर मिळण्याची शक्यता अध्यक्षपदी स्त्री असेल तर जास्त दिसली. आणि प्राचीन ज्यू न्यायसभेत, सॅन्हेड्रिनमध्ये, देहदंडाच्या खटल्यात मत द्यायला सर्वांत कनिष्ठापासून सुरुवात करण्याची रीत होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही २०२१ मध्ये खुल्या प्रश्नोत्तरांनंतर प्रत्येक न्यायमूर्तीला स्वतंत्र पाळी देणं सुरू केलं. या बदलात न्यायमूर्तींचं बोलणं तोडण्यावरच्या अभ्यासांचा वाटा मोठा होता, असं न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी जाहीरपणे सांगितलं.

मी सॅन्हेड्रिनची रीत उचलली. महिनाभर वहीत रेघा मारल्या, कोण कुणाला तोडतं त्याच्या. माझ्या नावापुढच्या रेघा सर्वांत जास्त होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच मुलींच्या वाक्यांवर होत्या. आता आमची सोमवारची मिटिंग सर्वांत नव्या माणसापासून सुरू होते आणि मी शेवटी बोलते. पुण्याची टीम ऑनलाइन जोडलेली असते तेव्हा तर हे फारच गरजेचं. आवाज पोचायलाच सेकंदाचा काही भाग लागतो, ती २०० मिलिसेकंदांची फट तिथे कुणालाच नीट सापडत नाही, आणि दोघं एकदम सुरू झाले की हुद्द्यानं लहान असलेला गप्प होतो. तिथे मी नावं घेऊन विचारते. वाक्य संपलंसं वाटलं तरी मनात एक-दोन मोजते. पहिले काही आठवडे ती शांतता सगळ्यांनाच जड गेली.

मागच्या सोमवारी पहिली पाळी त्याच मुलीची होती. ती म्हणाली, “शुक्रवारी टेस्टिंग होणार नाही. बसबारचे बोल्ट टॉर्क लावून घट्ट करायचे राहिलेत, आणि ते झाल्याशिवाय मी हाय व्होल्टेज टेस्ट घेणार नाही.” मी दोन मोजले. मग तिला विचारलं, “किती दिवस हवेत?”