व्हॅल्पोची तीन चित्रं आणि त्यांच्यामागची दीडशे वर्षं

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, शिकागोपासून साधारण ८० किलोमीटरवर व्हॅल्परायझो नावाचं छोटं शहर आहे आणि तिथे त्याच नावाची एक छोटी लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरला मानणाऱ्या प्रॉटेस्टंट ख्रिश्चन पंथाची युनिव्हर्सिटी. सगळे तिला व्हॅल्पोच म्हणतात. २०२३ च्या फेब्रुवारीत तिच्या प्रशासनाने सांगितलं की आमच्या म्युझियममधली तीन सगळ्यात मौल्यवान चित्रं विकून त्या पैशातून फर्स्ट इयरच्या मुलांची हॉस्टेल्स नीट करायची आहेत. तिघेही नावाजलेले अमेरिकन चित्रकार: जॉर्जिया ओ'कीफचं 'रस्ट रेड हिल्स', चाइल्ड हॅसमचं सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या गोल्डन गेट सामुद्रधुनीचं चित्र आणि फ्रेडरिक चर्चचं एक डोंगराचं लँडस्केप. एकट्या ओ'कीफच्या चित्राची किंमत दीड कोटी डॉलरच्या घरात धरलेली. बातमी बाहेर पडली आणि एवढ्याशा कॅम्पसवरून अमेरिकाभरच्या म्युझियमवाल्यांमध्ये वादळ उठलं. ते का उठलं हे कळायला खूप मागे जावं लागतं.

ही संस्था मुळात लुथरन नव्हतीच. १८५९ मध्ये मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिश्चन पंथाच्या लोकांनी ती काढली, आणि मुलं-मुली एकत्र शिकतील असं तेव्हाच ठरवलं, जे त्या काळात फार थोड्या कॉलेजांत होतं. यादवी युद्धानंतर पैसा आटला आणि १८७१ ला कुलूप लागलं. मग १८७३ मध्ये हेन्री बेकर ब्राउन नावाच्या शिक्षकाने ती परत उघडली, मुख्यतः शिक्षक तयार करणारी शाळा म्हणून. फी अगदी कमी, राहणं-जेवण स्वस्त, आणि शेतावर किंवा कारखान्यात राबून आलेल्या मुलामुलींना दार उघडं. लोक तिला गरिबांचं हार्वर्ड म्हणायला लागले. नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस आणि पुढे रेडिओवर गाजलेले लोवेल थॉमस हे इथलेच. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला विद्यार्थ्यांची संख्या हजारोंत गेली होती, आणि नंतर ती अशी कोसळली की १९२३ मध्ये चक्क कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांची संघटना ही युनिव्हर्सिटी विकत घ्यायला निघाली होती. तो व्यवहार फिसकटला हे सगळ्यांचंच नशीब.

१९२५ मध्ये ती घेतली लुथरन लोकांच्या एका असोसिएशनने. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे चर्चने ती घेतली नाही. जर्मन वंशाच्या लुथरन कुटुंबांकडे पाळक (चर्चचे धर्मगुरू) आणि शाळामास्तर घडवणारी कॉलेजेस होती, पण ज्याला इंजिनियर, वकील किंवा कलाकार व्हायचंय त्याच्यासाठी काही नव्हतं, म्हणून काही पाळक आणि सामान्य सभासद यांनी मिळून पैसे उभे केले. त्यामुळे व्हॅल्पो कायम स्वतंत्र राहिली, आणि मला वाटतं तिथल्या कलांना जी मोकळीक मिळाली ती बऱ्याच अंशी यामुळेच.

खरा रंग चढला तो ओ. पी. क्रेट्झमन यांच्या काळात. १९४० ते १९६८, म्हणजे तब्बल २८ वर्षं ते प्रेसिडेंट होते. श्रद्धा आणि विद्या एकमेकींच्या आड येत नाहीत, हा माणूस हे नुसतं बोलून थांबला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरची एक गोष्ट मला फार आवडते. इंजिनियरिंगच्या मुलांना इथे दोन वर्षं शिकून पुढे इंडियानातल्याच पर्ड्यू युनिव्हर्सिटीला जावं लागायचं, कारण चार वर्षांच्या कोर्ससाठी लागणारी इमारत नव्हती आणि बांधायला पैसे नव्हते. तर मुलांनी ती इमारत स्वतः बांधली. बरेचसे सैन्यातून परत आलेले, क्लास संपला की बांधकामावर हजर. १९५६ मध्ये जुनं सभागृह-चॅपल आगीत गेलं, तर १९५९ पर्यंत चॅपल ऑफ द रिझरेक्शन उभं राहिलं. वेदीमागे उंचच उंच रंगीत काचा आणि भलामोठा पाइप ऑर्गन. एवढ्याशा युनिव्हर्सिटीला एवढं मोठं चॅपल कशाला, असं कुणाला वाटेल, पण लुथरन परंपरेत संगीत हा उपासनेचाच भाग आहे. लुथरने स्वतः गीतं लिहिली, बाख लाइपझिगला लुथरन चर्चचा संगीतप्रमुख होता. त्यामुळे इथे क्वायर (गायनवृंद) आणि ऑर्गन यांच्याकडे फावल्या वेळातला छंद म्हणून कधी कुणी पाहिलंच नाही.

याच काळात चित्रं आली. १९५३ मध्ये शिकागोच्या सरकारी शाळांत चित्रकला शिकवणारे पर्सी स्लोन यांनी आपले वडील ज्युनियस स्लोन यांची चित्रं, स्वतःकडचा संग्रह आणि वर एक निधी युनिव्हर्सिटीला दिला. फ्रेडरिक चर्चचं लँडस्केप त्या देणगीतलंच. अट अशी की निधीतून अमेरिकन कलाकारांची चित्रं घ्यायची, आणि त्यांची शैली साधारण कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे पारंपरिक असावी. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कोर्टात त्यानेच सगळं फिरवलं.

१९६१ मध्ये कला विभागात रिचर्ड ब्राउअर नावाचे तरुण प्राध्यापक आले. पुढच्याच वर्षी त्या निधीतून 'रस्ट रेड हिल्स' घेतलं गेलं, किंमत ५,७०० डॉलर. ओ'कीफने १९३० मध्ये न्यू मेक्सिकोत रंगवलेल्या लालसर-तपकिरी टेकड्या आहेत त्यात, माणूस नाही की घर नाही, आणि तरी त्या मातीत ऊब वाटते. काही वर्षांनी हॅसमचं चित्र आलं. ब्राउअर यांनी हा संग्रह अनेक दशकं वाढवला आणि वर्गातली मुलं त्याच चित्रांसमोर उभी राहून शिकली, पुस्तकातल्या फोटोंवर त्यांना भागवावं लागलं नाही. १९९५ ला नवं आर्ट्स सेंटर झालं आणि पाठोपाठ म्युझियमला ब्राउअर यांचंच नाव दिलं गेलं.

अजून एक परंपरा सांगायलाच हवी. १९६७ मध्ये इथे क्राइस्ट कॉलेज हे ऑनर्स कॉलेज, म्हणजे निवडक हुशार मुलांसाठीचं कॉलेज सुरू झालं. तिथे नव्याने आलेली मुलं पहिल्याच सेमिस्टरमध्ये एक नाटक स्वतः लिहितात, त्याला संगीत देतात, बसवतात आणि करतात. ज्याला इंजिनियर किंवा नर्स व्हायचंय तोही त्यात असतो. कला सगळ्यांची आहे हे इथे असं शिकवलं जातं.

आता पैशाची बाजू. २०१५ च्या सुमारास साधारण साडेचार हजार विद्यार्थी होते, काही वर्षांत ते तीन हजारांच्या आसपास आले. १८७९ मध्ये सुरू झालेलं लॉ स्कूल २०२० मध्ये बंद पडलं. अमेरिकेत कॉलेजला जाणाऱ्या वयाची मुलंच कमी होतायत आणि छोट्या खाजगी संस्थांना त्याचा फटका आधी बसतोय, हे खरंच आहे, प्रशासनाची अडचण कुणी नाकारत नाही. पण म्युझियमच्या जगात एक पक्का नियम आहे, संग्रहातली वस्तू विकलीच तर तो पैसा संग्रहासाठीच वापरायचा, इमारतींना नाही. म्हणून म्युझियमवाल्यांच्या संघटनांनी जाहीर विरोध केला. वयाची नव्वदी ओलांडलेले ब्राउअर स्वतः कोर्टात गेले, पण तुम्हाला दावा लावायचा अधिकारच नाही असं सांगून २०२३ मध्ये तो फेटाळला गेला.

मग युनिव्हर्सिटीने वेगळाच मुद्दा मांडला. ओ'कीफ आणि हॅसम हे कॉन्झर्व्हेटिव्ह शैलीचे नाहीत, म्हणजे मूळ अटीप्रमाणे ही चित्रं घ्यायलाच नको होती! साठ वर्षं ज्या चित्राचा अभिमान बाळगला त्याची खरेदीच चूक होती असं स्वतः मांडायचं, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त लागलं. पैशाची चणचण व्हॅल्पोला १८७१ पासून माहीत आहे, पण गरिबांच्या मुलांना उत्तम तेच मिळायला हवं ही तिची जुनी ओळख, आणि शाळामास्तराच्या देणगीतून आलेली चित्रं त्याच ओळखीचा भाग होती. २०२४ च्या जूनमध्ये म्युझियम बंद करून संचालकाचं पदही काढून टाकलं, आणि त्याच वर्षी कोर्टाने विक्रीला परवानगी दिली. त्या निकालाने देणगीदाराची ७० वर्षं जुनी अट बाजूला सारता येते हे दिसलं, त्यामुळे आपला संग्रह एखाद्या छोट्या कॉलेजला द्यावा की नाही याचा विचार करणारे लोक आता हा निकाल समोर ठेवूनच वकिलाकडे जाणार.