देवापाशी समाधान

मनातली इच्छा पुरी झाली नाही तरी देवावरचा जीव कमी होऊ न देणं, आणि त्याच्यापाशीच मन निवांत होणं, याला आपल्याकडं देवापाशी समाधान म्हणतात. विदर्भातल्या खेड्यात हे पोथीपेक्षा काकडा, हरिपाठ, सप्ताह, खंजिरीभजन यातूनच जास्त शिकलं जातं. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, कधी सवंगणीच्या टाइमालाच सोयाबीन भिजतं, पोराचं लग्न जमता जमत नाही, तरी संध्याकाळी मारोतीच्या देवळात माणसं टाळ घेऊन बसतातच, आणि दरवेळी काही मागायलाच बसतात असं नाही.

नवस वेगळा. नवसात देवाशी बोली असते, हे झालं तर ते वाहीन, आणि नाही झालं की माणूस देवावर रुसतो नाहीतर दुसरा देव धरतो. गाडगेबाबांचा जन्म 1876 चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, त्यांनी कीर्तनातून बोकड कापणं आणि कर्ज काढून सण-तेरव्या करणं यावर आयुष्यभर कोरडे ओढले. 1923 साली त्यांचा मुलगा गोविंद गेला, ती बातमी आली तेव्हा बाबा कीर्तनात उभे होते आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. हे सगळ्यांना जमेल असं नाही, जमायलाच पाहिजे असंही नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञ सांगितला तो मनातल्या सगळ्या कामना टाकून आपल्यातच संतुष्ट असणारा. पण वारकऱ्यांची वाट जरा निराळी पडते. इथं इच्छा मारून टाकायची अट नाही, ती देवापुढं बोलायची, त्याच्याशी भांडायचं, आणि तरी त्याला सोडायचं नाही. जनाबाई विठ्ठलाला सरळ शिव्या देते, तुकोबा त्याच्याशी वाद घालतात. ज्या तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा 1630 च्या आसपासच्या दुष्काळात गेले त्यांनीच ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान’ म्हटलं, म्हणून या ओळीला वजन आहे. लोक ही पहिलीच ओळ म्हणतात आणि थांबतात. शेवटी तुकोबा म्हणतात ‘घालू तयावरी भार, वाहू हा संसार देवापायी’, म्हणजे हात बांधून बसायचं नाहीये, संसार चालूच ठेवायचा, फक्त त्याचं ओझं एकट्यानं उरावर घ्यायचं नाही. माझ्या मते सगळी गोष्ट इथंच आहे.

माधानचे गुलाबराव महाराज तान्हेपणीच आंधळे झाले, 1915 मध्ये चौतिसाव्या वर्षी गेले, आणि तेवढ्यात त्यांनी शंभराच्या वर ग्रंथ रचले, स्वतःला कृष्णाची पत्नी मानून मधुराभक्ती केली. दृष्टी काही परत आली नाही, ती आली नाही म्हणून भक्ती थांबलीही नाही.

तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला आणि सकाळचं ध्यान, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना गावागावात नेली. प्रार्थना झाली की ग्रामसफाई, श्रमदान हेही त्यांनी सोबतच सांगितलं, त्यामुळं त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या गावात समाधानी माणूस म्हणजे आळशी असं कोणी समजत नाही. घरात कोणी गेलं तर भजन मंडळ त्या घरी जाऊन बसतं, तिथं भाषण कोणी देत नाही, भजन म्हणतात आणि उठून येतात, ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला त्यात आधार वाटतो.

या शब्दाचा गैरवापर पण होतो, आणि तो इथं लिहून ठेवणं गरजेचं आहे. कापसाला भाव मागणाऱ्या शेतकऱ्याला ‘समाधान ठेव बाप्पा’ म्हणून गप्प बसवणं हे संतांच्या शिकवणीतलं नाही, भाव मागायला मोर्चात जाणारा माणूस संध्याकाळी प्रार्थनेला बसू शकतो, बसतोही. लेकरू होत नाही म्हणून रडणाऱ्या सुनेला हाच उपदेश सासूनं टोमण्यासारखा ऐकवला तर त्यात देव नाही. आणि ज्याची झोप गेली, जेवण गेलं, जो मरायच्या गोष्टी करतो त्याला नुसतं हरिपाठाला बसवून भागत नाही, त्याला एकटं सोडायचं नाही आणि दवाखान्यात न्यायचंच, प्रार्थना सोबत चालू राहू द्यायची.