जुन्या काँक्रीटची खडी वापरलेले स्वयंसंघनित काँक्रीट

व्हायब्रेटर न लावता, स्वतःच्या वजनानेच सळयांमधून वाहत साचा भरणारे हे काँक्रीट. यात नैसर्गिक खडीचा काही वाटा काढून त्याजागी पाडलेल्या इमारतीचे काँक्रीट फोडून, चाळून घेतलेली खडी घालतात. भारतीय मानक आयएस ३८३ (२०१६) नुसार सळईच्या काँक्रीटमध्ये ती २० टक्क्यांपर्यंत आणि एम२५ (२८ दिवसांत २५ मेगापास्कल ताकद देणारी प्रत) पर्यंतच चालते. एम३०च्या कॉलमसाठी ती वापरू नये.

कोल्हापूर परिसरातली खडी काळ्या बेसाल्टची. त्यामुळे फोडलेल्या काँक्रीटमधला मूळ दगड सहसा भक्कम निघतो. कमजोर असतो तो त्याला चिकटून राहिलेला सिमेंट-वाळूचा जुना मसाला. तो सच्छिद्र असल्याने भरपूर पाणी शोषतो. जुन्या पेठांतली घरे पाडताना निघणारा सरसकट राडारोडा या कामाचा नाही, कारण त्यात माती, विटा, चुना, कधी जांभाही मिसळलेला असतो. स्लॅब, बीम, कॉलम पाडतानाच वेगळे काढावेत. एकदा ढीग मिसळला की निवडणे जवळपास अशक्य होते. पीओपीचे तुकडे तर अजिबात नकोत, त्यातले सल्फेट सिमेंटला घातक ठरते.

खडी वजनाने नव्हे, घनफळाने बदलावी. घनमीटरला ८०० किलो बेसाल्ट (विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत जडपणा, २.८५) असेल आणि जुनी खडी २.४५ची असेल, तर २० टक्क्यांसाठी १६० नव्हे, सुमारे १३८ किलो लागते. १६० किलो घातल्यास खडीचे घनफळ साधारण ९ लिटरने वाढते आणि सळयांच्या दाटीत ती अडकू लागते.

सर्वाधिक घोटाळा पाण्याचा होतो. खडीचे शोषण ५ टक्के आणि अंगचा ओलावा २ टक्के असेल, तर ती १३८ किलो खडी सुमारे ४ लिटर पाणी ओढते. कोरडी खडी घातली की मिक्सरपाशी ७०० मिमी असलेला प्रसर (शंकूतून सोडलेले काँक्रीट पसरून होणाऱ्या वर्तुळाचा व्यास) साइटवर पोचेपर्यंत घसरतो. मग कोणी वरून पाणी ओततो, खडी तळाशी बसते आणि ताकद जाते. म्हणून खडी आदल्या दिवशी भिजवून, निथळवून घ्यावी, ओलावा रोज मोजावा. प्रसर (६६० ते ७५० मिमी) आणि एल-बॉक्सचे, म्हणजे सळयांमधून वाहण्याची चाचणी घेणाऱ्या एल आकाराच्या पेटीचे, गुणोत्तर (टोकाची उंची भागिले सुरुवातीची, किमान ०.८०) मिसळल्यावर लगेच व पुन्हा तासाभराने तपासावे. उशिरा प्रवाह कमी पडलाच, तर पाणी न घालता चाचणीने ठरवलेली सुपरप्लास्टिसायझरची (प्रवाह वाढवणाऱ्या रसायनाची) मात्रा द्यावी.

सेंट्रिंगही नेहमीपेक्षा मजबूत हवे: ३ मीटरचा कॉलम झपाट्याने भरला, तर तळाशी चौरस मीटरला सुमारे ७ टन दाब येतो.