मानसशास्त्राच्या पदवीनंतर आयर्लंडमधील शाळेत ‘एसएनए’: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

आयर्लंडमधील शाळांत विशेष गरजा असलेल्या मुलांच्या सोबतीला ‘स्पेशल नीड्स असिस्टंट’, म्हणजे ‘एसएनए’, नेमले जातात. या पदाची किमान शैक्षणिक अट पदवीपेक्षा बरीच खालची असल्याने मानसशास्त्राचा पदवीधर ती सहज पूर्ण करतो. मात्र पदवी मुंबईची किंवा पुण्याची असेल, तर ती आयरिश शैक्षणिक पात्रतांच्या चौकटीत कोणत्या पातळीची ठरते, हे ‘नारिक आयर्लंड’ या सेवेच्या आधारे अर्जात दाखवावे. काम जेवण, शौच, हालचाल आणि सुरक्षितता यांत मुलाला मदत करण्याचे आहे. शिकवणे शिक्षकाकडे राहते, आणि चाचण्या किंवा समुपदेशन या पदात बसत नाही, हे पदवीधराने आधीच मनाशी स्पष्ट करून घ्यावे.

कोणत्या शाळेला किती पदे मिळावीत, हे राष्ट्रीय विशेष शिक्षण परिषद ठरवते. नेमणूक मात्र शाळेचे व्यवस्थापन मंडळ किंवा स्थानिक शिक्षण व प्रशिक्षण मंडळ करते, म्हणून अर्ज थेट तिकडेच करायचा असतो. अर्जासोबत पदवीचे प्रमाणपत्र, गुणपत्रके आणि मुलांसोबतचे काम प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तींचे संदर्भ द्यावेत. भारतीय नागरिकाकडे तिथे काम करण्याची वैध परवानगीही असावी लागते.

सर्वाधिक काळजी घ्यावी ती गार्डा व्हेटिंगची, म्हणजे तिथल्या पोलिसांकडून होणाऱ्या पूर्वइतिहासाच्या पडताळणीची. २०१२ च्या राष्ट्रीय पडताळणी कायद्यानुसार तिचा निकाल हाती आल्याशिवाय शाळेला कोणालाही कामावर घेता येत नाही, आणि उमेदवाराला ती स्वतःहून मागवताही येत नाही. नोंदणीकृत संस्थेमार्फतच ती होते. ओळख पटल्यावर येणाऱ्या ऑनलाइन अर्जात जन्मापासूनचे सर्व पत्ते सलग भरावे लागतात. गावाकडचे घर, वसतिगृह, भाड्याची खोली यांपैकी काहीही सुटू नये, म्हणून ही यादी आईवडिलांना विचारून आधीच करून ठेवावी. भारतातील वास्तव्यासाठी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितले जाऊ शकते. ते पासपोर्ट सेवेमार्फत मिळते. याशिवाय सॉलिसिटर किंवा तत्सम अधिकृत व्यक्तीसमोर केलेले वैधानिक घोषणापत्र आणि वैद्यकीय तंदुरुस्तीची तपासणी आवश्यक असते.

शैक्षणिक मानसशास्त्रातील डॉक्टरेट यूसीडीत, म्हणजे युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये, आणि लिमरिकच्या मेरी इमॅक्युलेट कॉलेजात करता येते, आणि तिथल्या प्रवेशात मुलांसोबतच्या अशा अनुभवाला वजन असते. त्यामुळे शाळा सोडताना कामाचा कालावधी आणि स्वरूप नमूद केलेले पत्र मुख्याध्यापकांकडून अवश्य घ्यावे.