लोहाचे ८ आणि लोहाचे ६: संयुजा इलेक्ट्रॉन आणि डी-इलेक्ट्रॉन

सोडिअम, क्लोरीन, ऑक्सिजन यांचे संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे बंध तयार करण्यात भाग घेऊ शकणारे इलेक्ट्रॉन, सगळ्यांना मोजता येतात. शेवटचं कवच बघा, मोजा, झालं. हीच रीत लोहाला लावली की २ येतात आणि उत्तर चुकतं, कारण लोहाचं आतलं ३डी उपकवचही बंध तयार करण्यात भाग घेतं. ४एसमधले (शेवटच्या, चौथ्या कवचातले) २ आणि ३डीमधले ६ मिळून ८. आवर्तसारणीच्या तिसऱ्या ते अकराव्या गणापर्यंत (उभ्या स्तंभापर्यंत) गणाचा क्रमांक हाच आकडा. क्रोमिअम आणि तांब्याच्या अपवादांची इथे धास्ती नको: एक इलेक्ट्रॉन ४एसमधून ३डीत गेला तरी बेरीज ६ आणि ११च राहते.

खरी गफलत पुढे होते. ‘संयुजा इलेक्ट्रॉन किती?’ आणि ‘डी-इलेक्ट्रॉन, म्हणजे डी उपकवचातले इलेक्ट्रॉन, किती?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लोहाच्या अणूचे संयुजा इलेक्ट्रॉन ८. फेरस (२+) आयनात त्यातले २ जातात, उरलेले ६ आणि ते सगळे ३डीमध्ये. फेरिकमध्ये (३+) ५. थोडक्यात, गणाच्या क्रमांकातून ऑक्सिडीकरण अंक (साध्या आयनात त्याच्यावरचा प्रभार) वजा करा.

मुलं मात्र ‘४एस आधी भरतं, म्हणजे ३डी आधी रिकामं होतं’ असं धरून फेरससाठी ३डीमध्ये ४ आणि ४एसमध्ये २ लिहितात. भरण्याचा क्रम उलटा फिरवला की काढण्याचा क्रम मिळत नाही. आयनावर धनप्रभार आला की ३डी केंद्रकाकडे जास्त ओढलं जातं आणि त्याची ऊर्जा ४एसपेक्षा खाली जाते, म्हणून ४एस आधी रिकामं होतं.

ही चूक टिकून राहते याला फेरसचं उदाहरणच कारणीभूत आहे, असं माझं ठाम मत आहे. बरोबर संरूपणात (इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत) अनपेअर्ड, म्हणजे जोडी नसलेले, इलेक्ट्रॉन ४, चुकीच्यातही ४! अनपेअर्ड इलेक्ट्रॉनांच्या संख्येवरून काढलेला मॅग्नेटिक मोमेंट (चुंबकत्वाचं माप) दोन्हीकडे ४.९० बोर मॅग्नेटॉन (त्याचं एकक) येतो, उत्तर जुळतं आणि मुलगा निश्चिंत होतो. क्रोमिअमच्या ३+ आयनातही असंच: दोन्ही वाटांनी ३. म्हणून सरावाला मँगनीजचा २+ आयन घ्या. बरोबर मोजणीत ५ अनपेअर्ड, म्हणजे ५.९२, चुकीच्या मोजणीत ३, म्हणजे ३.८७. इथे चूक लपत नाही.

संरूपण लिहिताना ४एस आधी आणि ३डी नंतर लिहायची सवय मला अजिबात पसंत नाही. ३डी आधी, ४एस शेवटी लिहा आणि इलेक्ट्रॉन उजवीकडून काढा. एवढं केलं तरी निम्म्या चुका होत नाहीत.

कॉम्प्लेक्समध्येही, म्हणजे धातूभोवती इतर आयन किंवा रेणू जोडलेल्या संयुगातही, आधी धातूचा ऑक्सिडीकरण अंक काढा. पोटॅशिअम फेरोसायनाइडमध्ये लोह २+, म्हणून डी-इलेक्ट्रॉन ६. सायनाइडमुळे त्यांच्या जोड्या लागतात, अनपेअर्ड शून्य होतात, पण आकडा ६च. निकेल टेट्राकार्बोनिलमध्ये निकेल शून्यावर आहे, म्हणजे १०मधून काहीच वजा होत नाही. तिथे ‘३डीमध्ये ८’ लिहून थांबू नका: ४एसमधले दोघेही ३डीत धरले जातात, डी-इलेक्ट्रॉन १० होतात आणि चार कार्बन मोनॉक्साइडचे (प्रत्येकी २) ८ मिळून स्थिर मांडणीचे १८ भरतात.