हात मोकळे, डोकं गुंतलेलं

ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. आलेला मेसेज वाचून ‘निघालोय’ एवढंच टाइप करायला चार-पाच सेकंद सहज लागतात. तेवढ्यात शंभर मीटर रस्ता न बघताच मागे पडलेला असतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने ट्रकच्या केबिनमध्ये कॅमेरे बसवून चालकांचा अभ्यास केला. मेसेज करणाऱ्यांची नजर दर सहा सेकंदांपैकी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती, आणि अपघाताचा किंवा तो थोडक्यात टळण्याचा प्रसंग ओढवण्याची शक्यता २३ पट होती. हे आकडे २००९ मधले.

या साडेचार सेकंदांत नेमकं काय होतं ते पाहू. हायवेची लेन साधारण साडेतीन मीटर रुंद, कार पावणेदोन मीटर. गाडी बरोबर मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना जेमतेम ८७ सेंटिमीटर उरतात. सरळ रस्त्यावरही आपण स्टिअरिंग सतत किंचित इकडे-तिकडे करत असतो, आपल्या लक्षातही येत नाही. नजर खाली गेली की ते थांबतं. गाडीची दिशा फक्त एक अंशाने चुकली, तरी ८० च्या वेगात ती सेकंदाला ३९ सेंटिमीटर बाजूला सरकते. सव्वादोन सेकंदांत चाक पट्ट्यावर, साडेचार सेकंदांत अर्धी गाडी शेजारच्या लेनमध्ये. मग मान वर करून दचकलेला चालक स्टिअरिंग झटक्यात फिरवतो, आणि उंच गाड्या बऱ्याचदा इथेच उलटतात.

मान वर केली म्हणजे लगेच दिसू लागतं, असंही नाही. डोळ्याला बारकावे दिसतात ते फक्त मधल्या दोनेक अंशांत, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्याच भागात. जवळच्या स्क्रीनवरून लांबच्या रस्त्यावर फोकस जायला थोडा वेळ लागतो आणि चाळिशीनंतर तो वाढतो.

‘माझा फोन ब्लूटूथवर आहे, हात मोकळे आहेत’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं. दुर्दैवाने अडचण हातांची नाहीच. टोरांटोतल्या चालकांची फोनची बिलं तपासून १९९७ साली निघालेला निष्कर्ष असा होता, की फोनवर बोलताना अपघाताचा धोका चौपट होतो आणि हँड्सफ्री वापरल्याने तो कमी झालेला दिसत नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेअर यांच्या गटाने सिम्युलेटरवर, म्हणजे गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर, बसलेल्यांच्या नजरेचा माग घेतला. हँड्सफ्रीवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर जात होती, पण थेट बघितलेले फलकही नंतर त्यांना नीट ओळखता येत नव्हते. डोळा बघतो, मेंदू नोंद घेत नाही.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं वेगळं. पुढे ट्रकने ब्रेक मारला की तो आपसूक गप्प होतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही, तो आपला बोलतच राहतो.

म्हणून फोनची व्यवस्था गाडी सुरू करण्याआधीच लावायची. नकाशात पत्ता टाका, आवाजी सूचना चालू करा. होल्डर डॅशबोर्डवर कडेला, काच न झाकता आणि एअरबॅगच्या झाकणापासून दूर बसवा. आयफोनमध्ये ‘फोकस’मध्ये ‘ड्रायव्हिंग’ निवडून ते गाडीच्या ब्लूटूथला जोडलं, की नोटिफिकेशन आपोआप बंद होतात आणि मेसेज करणाऱ्याला गाडी चालवत असल्याचं उत्तर जातं. अनेक अँड्रॉइड फोनमध्येही अशी सोय आहे. वाट बदलायची असेल तर पेट्रोल पंपावर किंवा फूड प्लाझाला थांबा. एक्स्प्रेस वेची कडेची पट्टी त्यासाठी नाही, तिथे उभ्या गाडीला मागून धडक बसते.

दुचाकीवर तर चूक सावरायला जागाच नाही. कान आणि खांद्यात फोन दाबला की मान तिरकी होते, आरसा नजरेबाहेर जातो. हेल्मेटमध्ये फोन कोंबला तर हेल्मेट डोक्याला नीट बसत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार चालवताना फोन हातात धरून वापरल्यास पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हातातल्या फोनला २०२० पासून नियमांत सूट आहे ती फक्त रस्ता पाहण्यापुरती, तीही लक्ष विचलित न होता.

फोन करणाऱ्यानेही पहिलं वाक्य ‘गाडी चालवतोयस का?’ हे ठेवावं, आणि उत्तर ‘हो’ आलं तर ‘थांबलास की कर’ म्हणून लगेच ठेवून द्यावा.