सर्व्हरच्या दारात मंगळावरचे पाहुणे

लिनक्स सर्व्हरच्या कर्नल लॉगमध्ये, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याने ठेवलेल्या नोंदींमध्ये, कधीकधी अशी ओळ उमटते: ‘मार्शियन सोर्स २५५.२५५.२५५.२५५ फ्रॉम १०.०.५.१७, ऑन डेव ईथ०’. मार्शियन म्हणजे मंगळवासी. हा विनोद जुना आहे आणि चक्क अधिकृतही आहे. राउटरने कसे वागावे हे सांगणाऱ्या १९९५ च्या आरएफसी १८१२ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात ‘मार्शियन’ पत्ते गाळण्याचा वेगळा भागच आहे. ज्या पत्त्यावरून पॅकेट (माहितीचा छोटा गठ्ठा) या वाटेने येणे शक्यच नाही, त्या पत्त्याचे पॅकेट आले की ते मंगळवासी. अशी ओळ दिसली की पहिली शंका हल्ल्याची येते. बऱ्याचदा मात्र दोष भलत्याच खोबणीत खोचलेल्या केबलचा निघतो.

लॉगमधल्या कोणत्याही विचित्र पत्त्याबद्दल आधी एक प्रश्न विचारावा: हा पत्ता लिहिला कोणी? आयपी पॅकेटमधला प्रेषकाचा रकाना पाठवणारा स्वतःच भरतो. टपालाच्या पाकिटामागे कोणीही कोणाचाही पत्ता लिहू शकतो, तसेच हे. टीसीपीत, म्हणजे आधी जोडणी करून मग माहिती पाठवण्याच्या पद्धतीत, मात्र सर्व्हर त्याच पत्त्यावर एक ३२ बिटांचा क्रमांक पाठवतो आणि त्याची योग्य पोच परत आली तरच जोडणी पूर्ण होते. त्यामुळे वेब सर्व्हरच्या लॉगमधला पत्ता बराच भरवशाचा असतो. निदान जोडणीचे दुसरे टोक खरोखर तिथे होते, एवढे नक्की. जोडणी न करताच पाठवली जाणारी यूडीपी व आयसीएमपीची पॅकेटे आणि टीसीपीचे अगदी पहिले पॅकेट यांना ही कसोटी लागत नाही. फायरवॉल आणि कर्नल यांच्या नोंदी याच वर्गात मोडतात. तिथला पत्ता म्हणजे केवळ दावा.

आता वरची ओळ नीट वाचू. ‘सोर्स’ या शब्दाला लागून आलेला पहिला पत्ता प्रेषकाचा वाटतो, पण तो नाही. कर्नल आधी गंतव्य पत्ता छापतो आणि ‘फ्रॉम’च्या पुढे प्रेषकाचा. म्हणजे १०.०.५.१७ ने सगळ्यांना उद्देशून हाक दिली आणि ती ईथ० या नेटवर्क कार्डावर ऐकू आली. ही उलटापालट लक्षात न आल्याने भलताच पत्ता ब्लॉक करणारे कमी नाहीत.

लगेच खाली ‘एलएल हेडर’ नावाची ओळ असते, आणि खरा पुरावा तिच्यात असतो. इथरनेटवर ती १४ बाइटांची असते. पहिले ६ बाइट म्हणजे गंतव्य मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाची स्वतःची ओळख. सगळे ‘एफएफ’ असतील तर ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून. पुढचे ६ बाइट पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता. शेवटचे दोन बाइट ०८ ००, म्हणजे आत आयपीव्ही४ चे पॅकेट आहे. मॅक पत्त्याचे पहिले ३ बाइट सहसा कार्डाचा उत्पादक सांगतात. मात्र पहिल्या बाइटचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर उत्पादक शोधत बसू नये. तो पत्ता सॉफ्टवेअरने बनवलेला असतो, बहुधा आभासी मशीनचा, कंटेनरचा किंवा मोबाइलचा.

मग सर्व्हरने ठेवलेल्या शेजाऱ्यांच्या यादीत गेटवेचा, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरचा, मॅक पत्ता पाहून पाठवणाऱ्याचा मॅक त्याच्याशी ताडून बघावा. जुळला, तर पॅकेट राउटरच्या पलीकडून आले आहे आणि आपल्या खोलीतल्या केबली तपासण्यात अर्थ नाही. जुळला नाही, तर स्विचच्या, म्हणजे सगळ्या केबली जोडणाऱ्या पेटीच्या, मॅक तक्त्यात तो पत्ता कोणत्या पोर्टवर दिसतो ते पाहायचे आणि त्या पोर्टची केबल धरून शेवटपर्यंत जायचे. आयपी खोटा असला तरी पॅकेट कोणत्या पोर्टातून आत शिरले, ते स्विचला ठाऊक असते.

या उदाहरणात घडले असे: सर्व्हरला दोन कार्डे आहेत, ईथ० वर १९२.१६८.१ चे जाळे आणि ईथ१ वर १०.०.५ चे. दोन्ही केबली एकाच, विभाग न पाडलेल्या स्विचमध्ये लावल्या आहेत. १०.०.५.१७ ची हाक दोन्ही कार्डांना ऐकू येते. ईथ१ ला ती रास्त वाटते. ईथ० वर मात्र कर्नल स्वतःला विचारतो, ‘याला उत्तर द्यायचे तर मी कोणत्या कार्डाने देईन?’ उत्तर येते ईथ१. पॅकेट मात्र आले ईथ० वरून. म्हणून मंगळवासी. उपाय स्विचवर आहे: दोन जाळी वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे स्विचच्या आभासी विभागांत, टाकावीत किंवा केबल योग्य जागी लावावी.

या परतीच्या वाटेच्या तपासणीला ‘आरपी_फिल्टर’ म्हणतात. ० म्हणजे तपासणी बंद. १ म्हणजे कडक: पॅकेट ज्या कार्डावरून आले, परतीची वाट त्याच कार्डाची हवी. २ म्हणजे सैल: कोणत्याही कार्डाने परतीची वाट असली की पुरे. अंक वाढला की कडकपणा कमी होतो, हा पहिला खड्डा. दुसरा जास्त खोल आहे. ही किंमत ‘ऑल’ या नावाखाली एकदा आणि प्रत्येक कार्डासाठी वेगळी लिहिलेली असते, आणि दोहोंतली मोठी लागू होते. ‘ऑल’ १ असताना कार्डाला ० दिले तर काहीच बदलत नाही. २ दिले तर बदलते. दोन पुरवठादारांच्या जोडण्या असलेल्या सर्व्हरवर पॅकेट एकीकडून येते आणि उत्तर दुसरीकडून जाते, हे तिथे स्वाभाविकच असते. अशा ठिकाणी २ हीच योग्य किंमत.

या नोंदी लिहिणारी ‘लॉग_मार्शियन्स’ ही सेटिंग बंद केल्याने ओळी थांबतात, पॅकेटे टाकली जाणे थांबत नाही. वैतागून ही कळ दाबली की पुढे ‘कधी जोडणी होते, कधी होत नाही’ अशा तक्रारींचे मूळ शोधायला काही उरत नाही. आणखी एक: एक ओळ म्हणजे एक पॅकेट नव्हे. कर्नल अशा नोंदींना आवर घालतो. ‘इतके कॉलबॅक सप्रेस्ड’ अशी ओळ दिसली तर तेवढ्या नोंदी गाळल्या गेल्या आहेत. वाटेच्या तपासणीत किती पॅकेटे बाद झाली, ते नेटवर्कच्या आकडेवारीतल्या ‘आयपी रिव्हर्स पाथ फिल्टर’ या मोजणीत पाहावे.

प्रेषक म्हणून सर्व्हरचा स्वतःचाच पत्ता छापून आला तर दोन शक्यता. जाळ्यात कुठेतरी वेटोळे झाले आहे आणि आपलेच पॅकेट फिरून परत आले आहे, किंवा दुसऱ्या मशीनला तोच पत्ता दिला गेला आहे. एलएल हेडरमधला मॅक आपला असेल तर पहिली, परका असेल तर दुसरी.

१२७ ने सुरू होणारा पत्ता केबलवरून आला तर तो निःसंशय चुकीचा, कारण १२७.०.०.० ते १२७.२५५.२५५.२५५ हे सगळे पत्ते मशीनच्या पोटातले आहेत. तरीही २००३ च्या ऑगस्टमध्ये अनेक ठिकाणी १२७.०.०.१ च्या पोर्ट ८० या वेबसाठीच्या क्रमांकावरून आलेली पॅकेटे दिसू लागली. त्या वेळी ब्लास्टर हा किडा (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) मायक्रोसॉफ्टच्या विंडोज अपडेटच्या एका नावावर हल्ला चढवणार होता. काही प्रशासकांनी ते नावच १२७.०.०.१ कडे वळवले. मग बाधित मशीन खोटा प्रेषक लिहून स्वतःवरच हल्ला करू लागले, आणि स्वतःच दिलेले नकार त्या खोट्या पत्त्यांच्या दिशेने बाहेर सोडू लागले. ज्यांना ही पॅकेटे मिळाली त्यांच्यावर कोणी हल्ला करतच नव्हते.

सर्व्हरच्या स्वतःच्या कार्डावर १६९.२५४ चा पत्ता दिसला तर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून उत्तर आलेले नाही आणि मशीनने स्वतःच एक पत्ता उचलला आहे. पण १६९.२५४.१६९.२५४ हा पत्ता कोणी वेब विनंतीच्या मजकुरात पाठवला असेल तर दचकायलाच हवे. अनेक क्लाउड सेवांमध्ये याच पत्त्यावर मशीनची माहिती आणि तात्पुरत्या किल्ल्या मिळतात, आणि पाठवणारा त्या तुमच्याच सर्व्हरकडून मागवून घेऊ पाहतो. हाच प्रकार २१३०७०६४३३ अशा एका लांब आकड्याचा. तो दशमान पद्धतीत लिहिलेला १२७.०.०.१ आहे, केवळ ‘१२७’ ही अक्षरे शोधणारी गाळणी त्याला ओळखत नाही. खासगी पत्त्यांतही एक चूक वारंवार होते. १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचेच पत्ते खासगी आहेत. १७२.३२ पासून पुढे सार्वजनिक इंटरनेट आहे, त्यामुळे ‘१७२ म्हणजे घरचाच’ असा नियम फायरवॉलमध्ये लिहू नये.

‘::एफएफएफएफ:२०३.०.११३.४५’ हा प्रकार दिसायला भीतिदायक, पण निरुपद्रवी. सर्व्हर आयपीव्ही६ च्या (नव्या, लांब पत्त्यांच्या) सॉकेटवर, म्हणजे जोडण्या घेण्याच्या दारावर, दोन्ही प्रकारच्या जोडण्या घेत असला की आयपीव्ही४ चा पत्ता १२८ बिटांच्या साच्यात असा बसवला जातो: ८० शून्ये, १६ एक आणि शेवटी मूळचे ३२ बिट. घोटाळा होतो तो तुलनेत. परवानगीच्या यादीत २०३.०.११३.४५ आहे, लॉग वाचणारी स्क्रिप्ट अक्षराला अक्षर जुळवते, आणि ओळखीचा माणूस दाराबाहेर राहतो किंवा बंदी घातलेला आत येतो. तुलना करण्याआधी पत्ता मूळ रूपात आणावा, किंवा दोन्ही प्रकारांसाठी वेगळी सॉकेटे उघडावीत.

अपाचे या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘::१’ या मशीनच्या स्वतःच्याच आयपीव्ही६ पत्त्यावरून ‘इंटरनल डमी कनेक्शन’ दिसले तर ते मुख्य प्रक्रियेने आपल्याच हाताखालच्या प्रक्रियांना मारलेली हाक आहे. सोडून द्यावे. सगळेच पाहुणे एकाच पत्त्यावरून येताना दिसले तर मध्ये प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या पुढे पाठवणारा मध्यस्थ, आहे आणि खरा पत्ता ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या हेडरमध्ये आहे. हे हेडर पाठवणाराही भरू शकतो. म्हणून ते उजवीकडून वाचावे, आपल्या माहितीतल्या प्रॉक्सी एकेक करून सोडाव्यात आणि पहिला अनोळखी पत्ता खरा मानावा. डावीकडचा पहिला पत्ता उचलणारा कोड आजही सर्रास सापडतो, आणि त्याच्या आधारे घातलेली बंदी कोणीही चुटकीसरशी चुकवतो.

पत्त्यांवरून नावे शोधताना उठणारे इशारे सर्वांत जास्त घाबरवतात. दुरून लॉगिन करण्याच्या ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांच्या लॉगमध्ये ‘पॉसिबल ब्रेक-इन अटेम्प्ट!’ असे उद्गारचिन्हासह छापलेले असे. प्रत्यक्षात झालेले असते एवढेच: आलेल्या पत्त्याचे नाव विचारले, त्या नावाचा पत्ता विचारला आणि दोन्ही जुळले नाहीत. पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद त्या पत्त्याच्या गटाचा मालक हवी तशी लिहू शकतो, म्हणून ही फेरतपासणी. पण न जुळण्याचे कारण बहुतेकदा पुरवठादाराचा आळस असतो. नंतरच्या आवृत्त्यांतून ते भयंकर शब्द काढले गेले, ते बरेच झाले. आजूबाजूला चुकलेल्या पासवर्डांच्या ओळी किती आहेत, ते पाहावे. घुसखोरीचा माग तिथे लागतो.

आणि एक नाव तर असे आहे की पाहणाऱ्याची झोप उडावी: प्रिझनर.आयएएनए.ओआरजी, म्हणजे ‘कैदी’. त्याच्या सोबतीला ब्लॅकहोल-१ आणि ब्लॅकहोल-२. फायरवॉलवर १९२.१७५.४८.१ शी चाललेली देवाणघेवाण दिसते आणि कोणी तरी आपल्यात शिरले असे वाटते. इतक्या जणांना तसे वाटले की २०११ मध्ये आरएफसी ६३०५ प्रसिद्ध झाले. त्याचे शीर्षकच ‘माझ्यावर प्रिझनर.आयएएनए.ओआरजीचा हल्ला होतोय!’ अशा अर्थाचे आहे. खरी गोष्ट उलटी आहे. १० किंवा १९२.१६८ च्या खासगी पत्त्यांची नावे इंटरनेटवर कोणीही सांगू शकत नाही, पण ऑफिसातली मशीने ती विचारत राहतात आणि स्वतःचे नाव नोंदवायलाही धडपडतात. हा कचरा मूळ नेमसर्व्हरांवर पडू नये म्हणून एएस११२ या स्वयंसेवी प्रकल्पाचे सर्व्हर तो झेलतात. म्हणजे हाक आपण मारतो आणि ‘कैदी’ फक्त उत्तर देतो. नावे-पत्ते सांगणाऱ्या आपल्या डीएनएस सर्व्हरवर खासगी पत्त्यांचे उलटे झोन, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारे नोंदींचे गट, तयार केले, किंवा मशीनांची आपोआप नोंदणी बंद केली, की या ओळी थांबतात.

राहिला १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा. २०१२ मध्ये तो पुरवठादारांसाठी राखून ठेवला गेला, एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवण्यासाठी. तो स्वतः आपल्या लॉगमध्ये क्वचितच दिसतो. जो सार्वजनिक पत्ता दिसतो, त्याच्या मागे मात्र एकाच क्षणी शेकडो लोक असू शकतात. नुसत्या पत्त्याची तक्रार केली तर पुरवठादाराला त्यातला नेमका ग्राहक शोधता येत नाही. म्हणून लॉगच्या रचनेत पाहुण्याचा सोर्स पोर्ट, म्हणजे त्याच्या बाजूचा जोडणीचा क्रमांक, जोडावा, वेळ सेकंदापर्यंत टाइम झोनसह नोंदवावी आणि सर्व्हरचे घड्याळ एनटीपी या वेळ सांगणाऱ्या सेवेने जुळवून ठेवावे. बऱ्याच वेब सर्व्हरांच्या मूळ रचनेत पोर्ट नसतो. तो आपल्यालाच लिहावा लागतो.